जुन्या कॅमेऱ्याची जागा

माणसांनी आकाशात दुर्बीण सोडली, त्या काळची ही गोष्ट. तिच्या पोटातला कॅमेरा वर्षानुवर्षं तारे टिपून थकला होता. आता त्याला सगळं धूसर दिसे.

एकदा हेमांगी आणि फिरोज हे अंतराळवीर नवा कॅमेरा घेऊन आले. हेमांगीनं जुन्या कॅमेऱ्याचा बोल्ट पान्यानं फिरवून पाहिला, पण तो जागचा हलेना.

"दादा, मी तुला सोडणार नाही," बोल्ट कॅमेऱ्याला म्हणाला. "थकून जातील परत ही माणसं."

कॅमेऱ्याला बरं वाटलं. तेवढ्यात पाना निसटला आणि हेमांगीचा हात धारदार कडेवर घासला.

"ताई, हातमोजा फाटला तर जीव जाईल! राहू दे," फिरोज ओरडला.

"आणखी एकदाच. नाहीतर ही दुर्बीण आंधळी होईल रे."

कॅमेरा गलबलला. "सोड मला," तो बोल्टाला म्हणाला. "माझ्या जागेपायी कुणाचा जीव नको."

बोल्ट हळूहळू सैल झाला. हेमांगीनं जुन्याला अलगद काढलं आणि नव्याला बसवलं.

नव्यानं भीत भीत विचारलं, "आधी कुठं बघू, आजोबा?"

"त्या काळ्या कोपऱ्यात. मला तिथं कधीच काही दिसलं नाही."

नव्यानं डोळा उघडला. तो त्या कोपऱ्यावर रोखला.

"दिसतंय का काही?"

"तारेच तारे, आजोबा."