पेडलची कुरकुर

“डोळे मिटा, सर, आणि सांगा. यातला खरा कुठला?”

भिंगारदिवे सरांनी डोळे मिटले नाहीत. ते खिडकीजवळच्या खुर्चीत शाल पांघरून बसले होते आणि सुश्रुतकडे बघत होते.

थिओफिल भिंगारदिवे सरांनी नगरच्या चर्चमध्ये बेचाळीस वर्षं पियानो वाजवला. त्यातली नऊ वर्षं त्यांनी सुश्रुत ओगल्याला शिकवलं. आता सुश्रुत पुण्यात मालिकांना पार्श्वसंगीत देतो. नाव झालंय. आणि नाव झालेल्या माणसाला सांगायचं इतकं असतं की विचारायचं राहून जातं.

आज आल्याआल्या तो सरांच्या पाया पडला. पाया पडताना माणूस वर बघत नाही. उठला तो थेट वायरी जोडायला बसला. टेबलावर कीबोर्ड, शेजारी लॅपटॉप, खाली पेडल.

“यात चार पियानो आहेत, सर. अकरा आणले होते. सात काढून टाकले.”

“अकरा...”

“एकेक इन्स्टॉल व्हायला अख्खा दिवस जातो. खऱ्या पियानोची एकेक पट्टी घेतात, हळू, मध्यम, जोरात, वीस-वीस वेळा वाजवून तिचा आवाज धरून ठेवतात. मग मी सगळ्यांवर तेच आठ सूर वाजवून ताडून बघतो.”

शितावरून भाताची परीक्षा करतात म्हणे. हा गडी एकेक शीत चाखत बसला होता, आणि पंगत कधीच उठून गेली होती. पण ते त्याला कोण सांगणार?

त्याने पहिला वाजवला.

“गोड आहे,” सर म्हणाले. त्यांची जीभ जड झाली होती. वय झालं, सुश्रुतला वाटलं.

“गोड म्हणजे खोटा! बरोबर ओळखलंत. हा?”

“लांब आहे.”

“आणि हा?”

सर खिडकीबाहेर बघायला लागले.

त्याने चौथा लावला. पहिल्या सुरालाच सरांची मान वर झाली.

“हा... चर्चमधला.”

“हाच!” सुश्रुतने मांडीवर थाप मारली. “सहा वर्षं हाच शोधत होतो मी.”

ते खरं होतं. सरांनी आयुष्यात एकच चाल स्वतः बांधली होती. ती त्यांनी कधी कागदावर उतरवली नाही. डावा हात साधा, तीनच ठेके. सगळी चाल उजव्या हातात. सुश्रुतला ती शिकवायला सर कितीदा तरी बसले होते. दर वेळी तो म्हणायचा, “आधी रेकॉर्ड करून ठेवू, सर. मग काय, केव्हाही शिकता येईल.”

सहा वर्षांपूर्वी तो दोन माईक घेऊन चर्चमध्ये आलाही होता. सरांनी जुन्या पियानोवर ती चाल सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवली. वाजवून झाल्यावर लहान मुलासारखं विचारलं होतं, “आली का रे?”

“आली, सर. पण पेडल कुरकुरतंय. पियानोही उतरलाय. चांगला पियानो मिळाला की पुन्हा करू.”

त्या पियानोला पुढे वाळवी लागली, आणि सुश्रुत चांगल्या पियानोच्या मागे लागला. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. याला नाचता येत होतं. हा आपला अंगणच सारवत राहिला.

“आणि याची खरी गंमत तर पुढेच आहे,” तो म्हणाला. पडद्यावरचं एक बटण त्याने बोटाने दाखवलं. “याच्यात पेडलची कुरकुरसुद्धा आहे! इथून कमी-जास्त होते. ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे ना, खरंच कोणीतरी बसलंय.”

सर बराच वेळ त्या बटणाकडे बघत राहिले.

“मागचं... कुठंय?”

“मागचं?”

“मी वाजवलेलं.”

“ते पुसलं, सर. त्याच दिवशी. त्यात पेडलची कुर...”

वाक्य अर्ध्यावर थांबलं. आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच ऐकू आलं होतं.

सर हसले. अर्ध्याच तोंडाने हसले.

आतून सरांची मुलगी सुवार्ता चहा घेऊन आली. तिने सुश्रुतचा कप टेबलावर ठेवला. सरांचा मात्र तिने हातात धरला, चहा बशीत ओतला, फुंकर मारली आणि बशी त्यांच्या ओठाला लावली.

सुश्रुत बघतच राहिला.

“ताई... हे काय?”

“ईस्टरला मी तुला मेसेज केला होता,” ती म्हणाली. आवाज चढला नाही. “पप्पांना बरं नाही, चाल राहून जाईल, लवकर ये. तू काय लिहिलंस, आठवतंय?”

त्याला आठवत होतं. ‘एकच पियानो बघायचा राहिलाय ताई, मग येतोच.’

“जूनमध्ये झटका आला. उजवी बाजू गेली. तेव्हा फोन केला होता मी. दोनदा.”

“मी रेकॉर्डिंगमध्ये...”

“हो. मी पप्पांना तेच सांगितलं.”

तिने सरांची हनुवटी पदराने पुसली आणि कप घेऊन ती आत गेली.

सुश्रुतला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो लॅपटॉप मिटायला लागला.

“राहू दे,” सर म्हणाले. “बसव मला.”

“सर, नको...”

“एवढा लांबून आणलायस. बसव.”

त्याने सरांना काखेत धरून उठवलं आणि कीबोर्डपुढे बसवलं. शाल गळून पडली. सरांनी डाव्या हाताने आपला उजवा हात मनगटाशी उचलला आणि पट्ट्यांवर नेऊन ठेवला. त्याच्या नुसत्या वजनाने तीन-चार सूर एकदम वाजले. हळू, भरीव, अगदी खऱ्या पियानोचे. हळूहळू ते विरून गेले.

हात तिथेच पडून राहिला.

मग डावा हात चालू लागला. तेच तीन ठेके. सुश्रुतला ते पाठ होते. त्यांच्यावर चाल कुठे येते, कुठे थांबते, कुठे वळते, तेही त्याला साधारण आठवत होतं. ती काय होती, एवढंच आठवत नव्हतं.

सर वाजवत राहिले. चालीची जागा येत होती आणि रिकामी निघून जात होती.

“पेडल...” सर म्हणाले. “पाय उचलत नाही. तू दाब.”

सुश्रुत टेबलाखाली शिरला. सरांच्या पायांशी गुडघे टेकून त्याने दोन्ही हातांनी पेडल दाबलं. सूर लांबले, एकमेकांत मिसळले. लॅपटॉपमधून बारीकशी कुरकुर आली. कुठेही बोट ठेवायला जागा नव्हती, इतकी बेमालूम.

आता मात्र त्याने वर बघितलं. डोळे भरले होते, नीट दिसत नव्हतं.

“सर... माझं चुकलं.”

डावा हात थांबला नाही.

“कुरकुर वाढव जरा,” सर म्हणाले. “खरंच कोणीतरी बसलंय, असं वाटू दे.”