नागाचं धन आणि झोपलेला डोळा

एका राज्यात हेमकेतू नावाचा राजा होता. राज्याचं नाव पुसू नका, असल्या गोष्टी नाव असलेल्या राज्यांतही घडतात. राजाला वसुधारा नावाची राणी आणि चारुशीला नावाची एकुलती एक कन्या. चारुशीलेचा डावा डोळा किंचित तिरळा होता. फार नाही, ती दमली किंवा झोपेला आली की बुबुळ नाकाकडे सरके.

ज्या दिवशी ती जन्मली, त्याच दिवशी राजवाड्याचा पाया खणताना मोहरांचा हंडा लागला. हंड्यावर नाग बसला होता. नाग राजाला म्हणाला, "तुझ्या कन्येची नजर तिरपी आहे तोवर हा हंडा रिता होणार नाही. ती सरळ झाली की मोहरांचा कोळसा होईल." एवढं बोलून नाग निघून गेला. राजाने हे राणीलादेखील सांगितलं नाही.

हंडा रोज उपसावा, रोज भरावा. राजा दोन्ही हातांनी वाटू लागला. लोकांनी नांगर माळ्यावर टाकले. किंचित तिरळं लेकरू लक्ष्मीचं असतं, हे म्हातारी माणसं आधीपासून म्हणत होतीच, आता सगळे म्हणू लागले. बायका पाळण्याच्या एकाच अंगाला घुंगरू बांधू लागल्या, आपलंही लेकरू तिरळं व्हावं म्हणून. असली शहाणी प्रजा!

राणीला मात्र चैन नव्हतं. पोर सुईत दोरा ओवताना डोकं वाकडं करी. दाराची डावी चौकट तिला लागे. राणी पोरीला घेऊन डोंगरावरच्या तमसा मांत्रिकिणीकडे गेली. तमसेने मुलीच्या डोळ्यांपुढे दिवा फिरवला.

"डोळा आळसावला आहे," ती म्हणाली. "दुसरा काम करतो, हा बसून खातो. चांगला डोळा रोज काही काळ झाकला तर हा कामाला लागेल. पण दुधाचे दात पडायच्या आत. नंतर तो झोपेल, मग मीही उठवू शकणार नाही."

"काय आणू?"

"तीन गोष्टी. घुबडाच्या ढोलीतल्या कोळ्याने विणलेली पट्टी. जिच्यात आपलं तोंड दिसत नाही, त्या विहिरीचं पाणी. आणि बापाच्या तोंडचा होकार. त्यावाचून माझा मंत्र चालत नाही."

राणी ढोलीशी बसली. कोळ्याने पट्टी विणून दिली आणि मोबदल्यात तिच्या केसांचा काळा रंग घेतला. राणी विहिरीत उतरली. विहिरीने पाणी दिलं आणि तिचा गोड गळा ठेवून घेतला. पांढऱ्या केसांची, घोगऱ्या आवाजाची राणी राजापुढे उभी राहिली.

"महाराज, फक्त हो म्हणा."

"एवढंसं तर आहे, राणी. बोट दाखवल्याशिवाय कुणाला कळतही नाही. दसरा होऊ दे."

दसरा झाला. राणीने पुन्हा विचारलं.

"पोरीला त्रास कशाला? वाढत्या वयात आपोआप सरळ होते नजर. आमच्या आत्याबाईंची झाली होती."

तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा राजा हंड्यापाशी उभा होता. तो मोहरा मोजत राहिला. त्या आठवड्यात चारुशीलेचा दात पडला. पट्टी विरून गेली, पाणी आटलं. राणीने अंथरूण धरलं आणि हिवाळा सरायच्या आत ती गेली. राजाने तिच्या दहाव्याला मोहरा वाटल्या.

चारुशीला मोठी झाली. उजवा डोळा झाकला की तिला नुसतं धुकं दिसे. एकदा राजबागेत एक भारद्वाज तिच्यापुढे येऊन बसला.

"तुझं दर्शन म्हणजे शुभशकुन," ती म्हणाली.

"मला पाहिलं की लोकांचा दिवस चांगला जातो म्हणतात," भारद्वाज म्हणाला. "माझा कसा जातो, कुणी पुसत नाही. तुझंही तेच आहे, मुली." आणि त्याने नागाचं बोलणं तिला सांगितलं, शब्दन् शब्द. ती जन्मली त्या दिवशी तो खणलेल्या पायाशेजारच्या झुडपात बसला होता.

चारुशीला तडक डोंगरावर गेली. तमसेने पुन्हा दिवा फिरवला.

"डोळा सरळ करीन. दृष्टी देता येणार नाही. दिसायला नीट होईल, एवढंच. आता तू जाणती आहेस, होकार तुझा तूच द्यायचा."

मागोमाग राजा धापा टाकत आला.

"मुली, आता कशाला? बैल गेला आणि झोपा केला, असं होईल. डोळ्याला दिसत तर नाही, आणि राज्य मात्र भिकेला लागेल."

"बैल कुणी जाऊ दिला, तात?"

राजा तिथल्याच दगडावर बसला.

"लहान होते तेव्हा म्हणालात, किंचित आहे, राहू दे. आता म्हणता, उपयोग नाही, राहू दे. आई दारात उभी होती आणि आपण मोहरा मोजत होता. डोळा माझा आहे. तमसाबाई, माझा होकार."

तमसेने मंत्र म्हटला. बुबुळ जागेवर आलं. त्याच क्षणी वाड्यात हंड्यातल्या मोहरांचा कोळसा झाला आणि घरोघरी साठवलेल्या मोहरांचाही. लोकांनी राजकन्येला महिनाभर शिव्या घातल्या. मग पोटाने बोलावलं, तेव्हा माळ्यावरचे नांगर खाली आले. कोळसा चुलीला कामी आला. पुढच्या सुगीला कणग्या भरल्या, पाळण्यांवरची घुंगरं मधोमध आली. शाप तुटला, राज्य मार्गी लागलं. राजकन्येचे डोळे किती सुरेख, असं भाट गाऊ लागले. कहाणी इथेच सुफळ म्हणायची रीत आहे.

पण राजा म्हातारा झाला, त्याला रात्री झोप येईना. एके दिवशी तो कन्येच्या महाली आला. ती खिडकीशी बसली होती. तो तिच्या डावीकडे उभा राहिला. त्याने दोन्ही हात जोडले आणि तसाच थांबला.

चारुशीला बाहेर पाहत राहिली. तिला ते हात दिसले नाहीत, की दिसूनही तिने मान वळवली नाही, हे राजाला मरेपर्यंत कळलं नाही. विचारायचा धीर त्याला कधी झाला नाही.