एका दमाचं गाणं

विहिरींवर इंजिनं यायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. तेव्हा पाणी बैल ओढायचे आणि बैलांना गाणं ओढायचं. त्या काळी तांबडमाळ गावात गेनबा नावाचा मोटकरी राहायचा. त्याच्यासारखा गाणारा त्या मुलखात आधी झाला नाही आणि नंतरही झाला नाही, असं म्हणतात. मला विचाराल तर म्हणणाऱ्यांनी जरा कमीच सांगितलंय.

ज्यांनी मोट पाहिली नाही त्यांनी आधी एवढं ऐकून घ्या. विहिरीच्या काठापासून उतार केलेला असायचा, त्याला धाव म्हणत. जाड दोराच्या, म्हणजे नाड्याच्या, एका टोकाला कातड्याची मोट आणि दुसऱ्या टोकाला बैलजोडी. बैल धावेवरून खाली चालत गेले की चाकावरून मोट वर यायची, पाणी ओतलं जायचं आणि पाटानं मळ्यात पळायचं. मग बैल उलट्या पावलांनी मागं सरायचे आणि मोट पुन्हा खाली. दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत हेच. गाणं नसतं तर बैलांनीच काय, माणसांनीही हात टेकले असते.

बाकीचे मोटकरी आठवेल ते गायचे. गेनबा गाणी स्वतः बांधायचा, आणि बांधायचा ती धावेच्या मापानं. त्याचं सकाळचं गाणं अगदी खालच्या सुरात सुरू व्हायचं, कारण रात्रभर बसून बैलांचे पाय आखडलेले असायचे. दुपारच्या गाण्यात शब्द तुटक, दोन दोन अक्षरांचे, ऊन चुकवत पावलं टाकावीत तसे. आणि सगळ्यांत गाजलं ते 'गंगेचं गाणं':

हळू चाला, माझ्या जोड्या, नाडा जड झाला,
खालून वर येती गंगा, मळा उभा ऱ्हायला.

बघा, या गाण्यात सूर कसा चालतो. नाडा ताणला जातो तसा तो चढत जातो. 'गंगा' या शब्दाला तो सगळ्यांत उंच, कारण तेव्हा मोट काठाला टेकलेली असते. 'ऱ्हायला' म्हणताना सूर खाली उतरतो आणि पाणी ओतलं जातं. मग सगळं शांत. त्या शांततेत गेनबा श्वास घ्यायचा. गाणं एका दमाचं, धावही एका दमाची. गाणं थांबलं की बैल थांबायचे आणि आपण होऊन मागं सरायचे.

हौश्या आणि चिताळ्या ही त्याची जोडी. गेनबानं जन्मात आसूड धरला नाही. एकदा एका पाहुण्यानं पैज लावली आणि वेसण धरून बैलांना धावेच्या पुढं न्यायला गेला. बैलांनी पाय रोवले ते रोवलेच. पाहुण्याच्या नाकी नऊ आले आणि गाव हसून लोळलं. गेनबाही हसला. त्या हसण्याची पुढं त्याला लाज वाटली.

गेनबाच्या घरात सगुणा नावाची सून होती. मळ्यात दारं धरायचं, म्हणजे पाटाचं पाणी वाफ्या-वाफ्यात फिरवायचं काम तिचं. त्या काळी सून सासऱ्यासमोर बोलत नसे. गाणं तर लांबच. पण सगुणेला मामंजींची सगळी गाणी पाठ होती, आणि ती पाण्याच्या बाजूनं पाठ होती. 'गंगा' कानावर आली की ती खोरं उचलायची, 'ऱ्हायला' आलं की वाफा फोडायची. तोंडातून मात्र कधी हूं की चूं नाही. तिला गळा आहे हे तिच्या नवऱ्यालाही ठाऊक नव्हतं, असं म्हणतात.

मग एका वर्षी मोठा दुष्काळ पडला. मृग गेला, हस्त गेला, आभाळ कोरडंच. विहिरीचं पाणी इतकं तळाला गेलं की नाडा पोचेना. मोट काठावर वाळत पडली आणि गेनबाचं गाणं बंद झालं. गावातले धट्टेकट्टे पुरुष, सगुणेचा नवराही, खडी फोडायच्या कामाला दूर निघून गेले. मागं राहिल्या बायका, म्हातारी माणसं आणि पोरं. बायका विहिरीच्या दगडी पायट्यांवरून उतरून तळातलं पाणी वाटीनं भरायच्या.

अशाच एका सकाळी सगुणा खाली उतरली आणि तिच्या डोक्यावरची दरड कोसळली. पायटे गेले. पलीकडचा काठही खचला. सगुणा कशीबशी कपारीला चिकटून वाचली, पण वरून दगड सुटतच होते. काठाशी उभं राहावं तर पायाखालची माती सरकायची. घट्ट होती ती एकच बाजू, मोटेची.

गेनबा धावत आला. त्यानं शेजारच्या मळ्यातला नाडा आणून आपल्या नाड्याला जोडला. मोट खाली सोडली, ती तळाला पोचली.

"मोटंत बस, पोरी! नाडा सोडू नगं!" तो ओरडला. सासऱ्यानं सुनेशी बोललेले ते पहिले शब्द.

आणि मग त्याच्या ध्यानात आलं. नाडा दुप्पट झाला होता. म्हणजे बैलांना धावेच्या दुप्पट चालायला हवं होतं, उतार संपून पुढं थेट शेताच्या बांधापर्यंत. पण गाणं होतं एका धावेचं. ते संपलं की बैल थांबणार, मागं सरणार आणि मोट पोरीसकट दगडांवर आदळणार.

"म्याच शिकिवलं त्यास्नी," तो शेजारच्या म्हातारीला म्हणाला. "म्याच."

"मग आता तूच चालीव," म्हातारी म्हणाली. "रडत काय बसलाईस?"

गेनबानं बैलांच्या पाठीवर हात ठेवला, छाती भरून घेतली आणि गंगेचं गाणं सुरू केलं.

खाली सगुणेला नाडा ताणलेला जाणवला. मोट उचलली गेली. अंधारात तिला वरचं आभाळ ताटाएवढं दिसत होतं आणि त्यातून मामंजींचा आवाज खाली येत होता. हळू चाला, माझ्या जोड्या. तिला हे गाणं कुठं संपतं ते पक्कं माहीत होतं. नाडा जड झाला. ती निम्म्यात आली होती. खालून वर येती, आणि मग 'गंगा'. त्याच क्षणी नाड्याची गाठ चाकावरून गेली, मोटेला हिसका बसला आणि सगुणेनं डोळे मिटले. आता सूर उतरेल, आता संपलं.

पण सूर उतरला नाही. गेनबानं 'गंगा' धरून ठेवली. ती 'गंगाऽऽ' लांबत गेली, बैल धावेचा पायथा ओलांडून शेतात शिरले. जिथं वेसण ओढूनही ते गेले नव्हते तिथं ते सुरामागं चालत गेले. पण गेनबा म्हातारा होता. दम एकच होता आणि तो सरत आला होता. आवाज बारीक झाला, थरथरला. तो तुटला असता तर बैलांना तीच त्यांची नेहमीची शांतता वाटली असती.

सगुणेनं ते खालून ऐकलं. सासरा ऐकतोय, गाव ऐकतंय, हे तिला कळत होतं. तिनं तोंड उघडलं आणि तो सूर उचलला.

गेनबाचा आवाज जिथं संपला, तिथंच तिचा लागला होता. मधे सुताएवढीही फट नव्हती. विहिरीच्या पोटातून, त्या गोल दगडी भिंतींना घासून तो सूर वर आला तेव्हा काठावरच्या बायकांच्या अंगावर काटा आला. विहीरच गातेय असं सगळ्यांना वाटलं. तो सूर चालू होता तोवर एक दगड सुटला नाही, असं म्हणतात. कित्येक कोस लांब खडी फोडणाऱ्या माणसांनी हातोडे खाली ठेवले आणि का ठेवले ते त्यांना सांगता आलं नाही, असंही म्हणतात. गेनबानं मागं वळून पाहिलं नाही. तो बैलांच्या जोडीनं चालत राहिला आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

मोट काठाला टेकली. बायकांनी सगुणेला ओढून घेतलं. पाय दगडावर टेकले तरी ती गातच होती, थांबायची तिला भीती वाटत होती. शेवटी कुणीतरी तिला छातीशी धरलं आणि सूर तसाच, उंचावर, सुटला. शेताच्या बांधाशी हौश्या आणि चिताळ्या उभे राहिले. मागं सरायची वेळ होती, पण ते मागं सरले नाहीत.

गेनबा परत आला आणि सुनेसमोर उभा राहिला.

"पोरी," तो म्हणाला, "सूर खाली कुनी उतरिवला गं?"

सगुणेनं आधी मान खाली घातली. मग वर केली. "म्या न्हाई, मामंजी. तुमी उतरिवला व्हय?"

"म्या बी न्हाई."

"मग?"

"मग ऱ्हाऊ दे वरच," गेनबा म्हणाला.

त्यानंतर पाऊस कधी आला, विहीर कधी भरली, हे कुणाला आठवत नाही. पण गंगेचं गाणं त्या दिवसानंतर कुणी पुरं केलं नाही. 'मळा उभा ऱ्हायला' हे शब्द सगळ्यांना येतात, म्हणत कुणीच नाही. गेनबा गेला, सगुणाही पिकल्या केसांनी गेली. मोटा मोडल्या आणि वीज आली.

तरी आजही बेंदराच्या दिवशी, शिंगं रंगवलेले बैल घेऊन तांबडमाळ त्या विहिरीवर जमतं. धावेच्या माथ्यावरून पुरुष गाणं सुरू करतात. पायथ्याशी त्यांचा दम संपतो आणि तिथून पुढं 'गंगा' धरायचा मान गावात त्या वर्षी आलेल्या सुनेचा. सासरा शेजारी उभा असतो. तिचा श्वास सरला की दुसरी बाई उचलते, मग तिसरी, आणि बैल बांधाशी पोचेपर्यंत सूर खाली पडू देत नाहीत.

कधी एखादी नवी पोर लाजते. एवढं गाव, त्यात शेजारी सासरा, तिच्या तोंडून आवाज फुटत नाही. मग पायथ्याशी बैल थांबतात आणि त्यांच्यामागं सगळं गाव थांबतं. कुणी हसत नाही, कुणी घाई करत नाही. अशा वेळी काय बोलायचं ते तांबडमाळात ठरलेलं आहे आणि ते सासऱ्यानंच बोलायचं असतं.

"म्हन, पोरी," तो म्हणतो. "म्या ऐकतुया."