डोळे बांधून केलेली निंदणी

एकदा एक वृद्ध आचार्य आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन एका डोंगरावर गेले. तिथल्या उतारावर घाणेरी माजली होती. हे परदेशातून आलेलं झुडूप एकदा पसरलं, की आपल्याखाली दुसरं काही उगवू देत नाही. ते मुळासकट काढायचं, असा विद्यार्थ्यांचा संकल्प होता.

त्याच उतारावर कारवीही होती. आदल्या वर्षी ती सात वर्षांनी फुलली, तिनं बी टाकलं आणि आपल्या रीतीप्रमाणे वाळून गेली. पायथ्याच्या घरांच्या कुडाच्या भिंती तिच्याच काठ्यांच्या, आणि मधमाश्यांची खरी चैन तिच्याच फुलांवर. आता तिची सगळी मदार यंदा उगवलेल्या वीतभर रोपांवर होती. आचार्यांनी हे चढतानाच सांगितलं होतं. पण तरुण मंडळींचं अर्धं लक्ष कुदळींकडे होतं.

एक विद्यार्थिनी तर सर्वांच्या पुढे. मोठी झुडपं संपताच ती खाली बसून रोपं उपटू लागली. हातांइतकंच तोंडही चालू होतं. "गुरुजी, माझ्या वाटणीच्या जागेत घाणेरी औषधालासुद्धा सापडणार नाही, बघाच!"

आचार्य काही वेळ तिचं काम पाहत राहिले. मग त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं आणि तिच्या डोळ्यांवर बांधलं.

"आता उपट," ते म्हणाले.

"चेष्टा करताय का गुरुजी? न बघता कसं कळणार?"

"बघून तरी कुठं कळत होतं?"

विद्यार्थिनीला राग आला, पण तिनं हात पुढे केला. पहिल्या रोपाचं पान तिनं चुरगळून हुंगलं. घाणेरीचा उग्र दर्प आला. रोप उपटलं. दुसरं पानही तसंच खरखरीत लागलं, मात्र त्याला तो दर्प नव्हता. तिनं पुन्हा हुंगलं.

"गुरुजी, ही घाणेरी नाही."

"मग कोण?"

तिनं उपरणं खाली ओढलं आणि मागचा आपलाच ढीग चाचपू लागली. त्यात कारवीची कितीतरी रोपं होती.

आचार्य शेजारी बसले. "पोरी, तुझ्या मेहनतीत खोट नाही. पण सकाळपासून तू एकाच झाडाला शोधत होतीस, तेही वैरी म्हणून. वैरी शोधायला निघालेल्या डोळ्यांना मग तोच जिकडेतिकडे दिसू लागतो. आपण इथे आलो ते कारवीसाठी. घाणेरी तिच्या वाटेत आहे, एवढंच. जिला राखायचं, तिची ओळख आधी करून घ्यावी."

"ही परत लावली तर जगतील?"

"जमीन ओली आहे. काही जगतील."

"आणि बाकीची?"

आचार्यांनी ढिगातलं कारवीचं एक रोप उचलून तिच्या हातात दिलं. तिनं डोळे पुसले आणि बोटानं मातीत खळगा केला.

वरून मैत्रिणीनं हाक मारली, "अगं, चल की! केवढं उपटायचं राहिलंय अजून!"

"तुम्ही व्हा पुढे," ती म्हणाली. "माझं लावायचं राहिलंय."