नेच्याची मिटलेली मूठ

सत्ययुग उतरणीला लागले होते, त्या काळची ही गोष्ट. सह्याद्रीच्या एका खोल घळीत, शीतला नावाच्या झऱ्याकाठी, शैवलायन ऋषींचा आश्रम होता. झऱ्याच्या दोन्ही अंगांना दोन पुरुष उंचीचे नेचे उभे होते. त्यांच्या छत्रीसारख्या पानांखाली भर वैशाखातही माती ओली राही. आश्रमाचा नेम एकच, पण कडक. ज्या झाडाने आपले बीज अजून मातीला दिले नाही, त्याला कुऱ्हाड लावायची नाही.

नऊ वर्षे पाऊस पडला नाही, तेव्हा राजा दृढसेन अनवाणी आश्रमात आला.

"मुनिवर, पर्जन्ययज्ञ मांडला आहे. मंडपाला हिरव्या झाडांचे एकशे आठ खांब हवेत, आणि माझ्या राज्यात हिरवे असे इथेच उरले आहे. प्रजा मरते आहे. नाही म्हणू नका."

शैवलायन दोन दिवस झऱ्याकाठी येरझाऱ्या घालत राहिले. वाटेवर पडलेली लेकरे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "राजन्, नेच्याला फूल नाही, फळ नाही, बीज नाही. तो तोडल्याने कुणाचा वंश खुंटत नाही. घेऊन जा."

ऋषिपत्नी आर्जवीने कडेवरची घागर खाली ठेवली.

"नेम न मोडता छान वाट काढलीत, नाथ! माझीही कूस कुठे उजवली? उद्या राजाला एक खांब कमी पडला, तर मला द्याल ना?"

"आर्ये, हा राग झाला. शास्त्र नव्हे."

"शास्त्र राहू द्या. त्याचे पान कधी उलटून पाहिलेत? पाने वेचताना माझ्या हाताला तपकिरी धूळ लागते. जिथे मी हात धुते, तिथे कोवळे नेचे उगवतात. तुम्ही आपले वर बघून फुले शोधता."

ऋषींना आपली चूक कळली. पण शब्द देऊन झाला होता.

यज्ञ फळला. ऋषी मंडपात आहुती देत असतानाच पाऊस कोसळला. पण नेचे तोडून नेल्यावर घळीत माती धरून ठेवणारी मुळे उरली नव्हती. उघडा काठ खचला आणि दरड आश्रमावर आली.

ऋषी परतले, तेव्हा चिखलातून आर्जवीचा एकच हात वर आला होता. मूठ घट्ट मिटलेली. त्यांनी एकेक बोट हळूच सोडवले. आत तपकिरी धूळ होती, कोरडी.

तेवढ्यात वनदेवता प्रकटली. तिचे केस चिखलाने माखले होते. "शैवलायना, ज्याचे बीज तुला दिसले नाही, त्याची वाट पाहत राहशील! बोटभर वाढायलाही त्याला वर्ष लागेल!"

"पाहीन, माते. पण याला ऊन सोसणार नाही, आणि मी तितका जगणार नाही. मला सावली कर."

"तथास्तु."

ऋषींनी धूळ ओल्या दगडावर पसरली, सूर्याकडे पाठ केली आणि वाकल्या जागी ते कातळ झाले.

म्हणून झाडाएवढा वाढणारा नेचा आजही वाहत्या पाण्याकाठी, सावलीतच तग धरतो. त्याचे नवे पान मिटलेल्या मुठीसारखे वर येते आणि फार सावकाश उघडते. तशा घळी थोड्या उरल्या, नेचे त्याहून थोडे. कुऱ्हाड घेऊन कोणी आले, तर कातळाला हात उचलता येत नाही. तो नुसता सावली धरून उभा राहतो.