पडद्याआडची दुनळी

नव्या दिवाणसाहेबांनी थोरल्या महाराजांच्या संग्रहातल्या जुन्या अमेरिकी दुनळी बंदुका भट्टीत घालायचं ठरवलं. "या कारागिरांचं नाव तरी कुणी ऐकलंय का? माझी विलायती बंदूक बघ!"

त्या बंदुका जिवापाड जपणारा दस्तगीर शिकलगार लाजतच म्हणाला, "साहेब, एकदा कानानं पारखा. दोन नळ्यांमधले सांधे पक्के असले की त्या घंटेसारख्या वाजतात."

त्यानं साहेबांच्या विलायतीच्या आणि एका अमेरिकी बंदुकीच्या नळ्या पडद्याआड टांगून ठोकल्या. पहिल्या बद्द वाजल्या, दुसऱ्या घुमल्या.

"घुमली ती माझी!" दिवाणसाहेब गरजले.

दस्तगीरनं पडदा सारला. घुमली होती ती अमेरिकी.

"नाव नसेल ऐकलं, साहेब," तो हळूच म्हणाला, "आवाज तर ऐकलात?"

भट्टी विझली. दुसऱ्याच दिवशी दिवाणसाहेबांची विलायती सांधायला दस्तगीरकडे आली.