माळ्यावरची बाळंतीण

फार पूर्वी डोंगराच्या पायथ्याशी एका गावात एक म्हातारा राहत होता. घर कौलारू, वर लाकडी माळा आणि खाली हा एकटा. बायको देवाघरी गेलेली. एकुलती एक लेक गोदी, ती घाटापलीकडे दिलेली. सासरची माणसं चांगली होती, पण माहेरात बाईमाणूस नाही म्हणून पोरीला धाडायला कचरत. बघता बघता तीन वर्षं झाली. म्हातारा रोज ओटीवर बसून रस्त्याकडे बघत राही. जेवायला बसला तरी तोंड रस्त्याकडेच.

एके दिवशी निरोप आला. गोदीला सातवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, ही तर रीतच. पण विहीणबाईंनी कळवलं होतं की दशमीला पोरीला घेऊन येते, घर बाळंतिणीजोगं दिसलं तर ठेवून जाईन, नाहीतर परत नेईन. आता यात त्यांचं तरी काय चुकलं?

म्हातारा लागला की कामाला. घर सारवलं, आतल्या खोलीत नवी बाज टाकली, शेजारच्या काकूंकडून मदतीचा शब्द घेतला. राहता राहिला माळा. महिनाभर वर काहीतरी धपधपत होतं, फळ्यांतून वास येत होता. एकट्या जिवाला तेवढाच शेजार म्हणून याने कानाडोळा केला होता.

त्याने कौलं चाळणाऱ्या धाकूला बोलावलं. धाकू वर चढला, बघून खाली आला. आढ्यापाशी दोन कौलं सरकली होती आणि तिथून शिरून उदमांजराची मादी व्याली होती. तीन पिल्लं, डोळेही न उघडलेली. धाकू म्हणाला, महिनाभरात ती आईमागे चालू लागतील, सगळी बाहेर पडली की भोक असं बुजवतो की पुन्हा उंदीरसुद्धा शिरायचा नाही.

"दशमी चार दिवसांवर आहे रे," म्हातारा म्हणाला.

"मग विहीणबाईंना खरं ते सांगा. थोड्या वासापायी कुणी लेक परत नेत नाही. पण आई बाहेर असताना भोक बुजवू नका."

सांगणाऱ्याने सांगितलं, पण म्हाताऱ्याला घाई झाली होती. त्याच दिवशी दिवेलागणीला मादी बाहेर पडली तसा तो शिडी लावून चढला, कौलं सारखी केली, वर फळी ठोकली. पिल्लांचं उद्या बघू म्हणाला आणि पोरीच्या आठवणीत झोपला.

मादी परतली. फळी हटेना, तेव्हा तिने शेजारची कौलं उचकटायला घेतली. सकाळी उठून म्हातारा बघतो तर माळा संपतो तिथे, बाळंतिणीच्या खोलीवर सुपाएवढं भगदाड, बाजेवर कौलांचे तुकडे आणि वाशांवर रक्त. काठी घेऊन तो तणतणत माळ्यावर गेला. मादी पिल्लांना पोटाशी घेऊन पडली होती. पंजे फाटलेले. ती पळाली नाही, त्याच्याकडे बघत राहिली.

म्हाताऱ्याचा हात खाली आला. लेक दूर राहिली म्हणजे आतड्याला कसा पीळ पडतो, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तो तिथेच बसला आणि रडला.

दशमीला बैलगाडी आली. गोदी उतरली, बापाला बिलगली. विहीणबाईंनी खोलीत जाऊन वर पाहिलं, तर आभाळ दिसत होतं. म्हाताऱ्याने काही लपवलं नाही. बाईंनाही वाईट वाटलं. त्या म्हणाल्या, पिल्लं रानात सोडा, आजच्या आज छप्पर शाकारून घेऊ, पोर इथेच राहील.

म्हाताऱ्याने गोदीकडे पाहिलं. तीन वर्षांनी तिचा चेहरा दिसत होता.

"नको," तो म्हणाला. "फळी काढून पाहिली, पण मादी आता याच भगदाडातून ये-जा करते. बाहेर कावळे पिल्लांना जगू देणार नाहीत. एकदा मायलेकरांची ताटातूट केली, आता पुन्हा नाही करवत. पोरीला घेऊन जा."

"बरोबर केलंत, बाबा," गोदी म्हणाली. आणि गाडी वळेपर्यंत तिने त्याचा हात सोडला नाही.

महिन्याने पिल्लं आईमागे रानात गेली. धाकूने माळा झाडून घेतला, फटी बुजवल्या, कौलं चापून बसवली. घर चांगलं बंदिस्त झालं आणि अगदी सुनं. पण तोवर गोदीला आठवा लागला होता, घाटाचा प्रवास आता जमणारा नव्हता. म्हातारा पुन्हा ओटीवर बसू लागला.

पुढे सासरचा गडी निरोप घेऊन आला. मुलगी झाली होती, दोघी सुखरूप होत्या. म्हाताऱ्याने त्याला गूळपाणी दिलं आणि भीतभीत विचारलं, पोरीने माझी आठवण काढली का?

"तुमच्या विहीणबाईंनी मुद्दाम सांगायला सांगितलंय," गडी म्हणाला. "कळा आल्या की बाया आईला हाक मारतात. गोदाताईंनी सगळा वेळ तुम्हाला मारली."

तात्पर्य विचाराल तर एवढंच: घर आपलं आहे, भोक बुजवायलाच हवं, पण बुजवण्याआधी आत कुणाचं लेकरू राहिलंय का, ते बघावं.